लॅपटॉपवादन

लॅपटॉपवादन : श्रोत्यांसमोर, प्रत्यक्ष कार्यक्रम चालू असताना, लॅपटॉपच्या साहाय्याने संगीत निर्माण करणे, मिसळणे किंवा बदलणे. घरी तयार केलेले ध्वनिमुद्रण मंचावर नुसते सुरू करून देणे यात धरले जात नाही. मात्र ही सीमा नेमकी कुठे आखायची, यावरच सारा वाद आहे. यंत्र कोणते आणि आवाज कुठून आणला, यावरून तो वाद सुटत नाही. वादकाने हात काढून घेतला तर पुढच्या दोन मिनिटांत ऐकणाऱ्याला काय वेगळे ऐकू येईल, ही कसोटी लावावी. काहीच वेगळे ऐकू येणार नसेल तर ते वादन नव्हे, मग समोर कितीही महागडी सामग्री मांडलेली असो.

भारतात विजेवरच्या वाद्यांची ओळख लॅपटॉपच्या बरीच आधीची. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर आला होता. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात राग वाजवून ध्वनिमुद्रित केले. या यंत्रांची कामे एका लॅपटॉपमध्ये आली ती सॉफ्टवेअरमुळे. बर्लिनच्या एबलटन कंपनीने २००१ मध्ये ‘लाइव्ह’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणले. ते घडवणाऱ्यांपैकी रॉबर्ट हेंके आणि गेरहार्ड बेल्स हे ‘मोनोलेक’ या जोडीत स्वतः संगीत करणारे होते, त्यामुळे त्यात ठेका न तुटता तुकडे बदलण्याची सोय पहिल्यापासून होती. लॅपटॉपवर वाजवताना खरी अडचण असते ती पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराची. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, आणि संगणक ते गठ्ठ्यागठ्ठ्याने हाताळतो. गठ्ठा २५६ नमुन्यांचा असेल तर त्यापोटी सुमारे ६ मिलिसेकंद जातात. हवेतून दोन मीटर अंतर कापायला आवाजाला तेवढाच वेळ लागतो, म्हणजे बैठकीत शेजारच्या साथीदाराचा तबला आपल्यापर्यंत पोहोचतो तितका. गठ्ठा १,०२४ नमुन्यांचा केला की उशीर २३ मिलिसेकंदांवर जातो आणि पट्टी दाबणाऱ्याला बोट व आवाज वेगळे जाणवू लागतात. फारच लहान गठ्ठा घेतला तर प्रोसेसर मागे पडतो आणि आवाज कडकडतो.

महाराष्ट्रात हे वादन तिकिटाच्या महोत्सवांतही होते. २००७ मध्ये गोव्यात सुरू झालेला सनबर्न २०१६ ते २०१८ या काळात पुण्यात भरला. पण त्याचा खरा पसारा वरातीत, हळदीत आणि मिरवणुकीत आहे. नसरापूर–वेल्हे रस्त्यावरच्या विंझरसारख्या गावांत लॅपटॉप भेटतो तो टेम्पोवर, बेसच्या पेट्यांच्या भिंतीमागे. डीजेचा हेडफोन एकाच कानावर असतो. त्या कानात पुढचे गाणे, उघड्या कानात चालू असलेले. पिच फेडर सरकवून तो दोन्हींचा वेग जुळवतो, जॉग व्हीलला बोटाने किंचित ढकलून ठोका ठोक्यावर बसवतो, मग क्रॉसफेडर हलवतो. आजचे सॉफ्टवेअर हे सारे एका बटणावर करून देते. म्हणून त्याचे कसब आता जुळवण्यात राहिलेले नाही, ते निवडण्यात आहे. नाचणारे दमले की वेग कधी उतरवायचा, ‘झिंगाट’ लगेच लावायचे की नवरदेव मांडवाच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत राखून ठेवायचे, हे तो समोर बघून ठरवतो. वरील कसोटीवर तो वादक ठरतो. ठरलेली यादी लावून मोबाइल बघत बसणारा मात्र ठरत नाही, आणि असेही पुष्कळ आहेत.

सगळे आवाज आयते असतात, हा पहिला आक्षेप. पेटीचे सूरही आयतेच असतात. मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, अशा कारणांनी आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर घातलेली बंदी तीन दशके टिकली. तोवर गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी त्या वाद्याचा कस दाखवून दिलेला होता. वादक काय करतो ते दिसत नाही, हा दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून २००४ मध्ये स्थापन झालेल्या टॉपलॅप या गटाने कार्यक्रम चालू असताना लिहिली जाणारी संगणकाज्ञावली श्रोत्यांसमोर पडद्यावर दाखवण्याचा आग्रह धरला. तिसऱ्या आक्षेपाला मात्र अजून पुरेसे उत्तर नाही. हलगीवाला रंगात आला की लय आपोआप चढते, तबलजी गायकाचा श्वास ओळखून किंचित थांबतो. लॅपटॉप बहुधा बांधलेल्या वेगावर चालतो आणि माणसांनाच त्याच्यामागे जावे लागते. म्हणूनच शास्त्रीय बैठकीत त्याला तानपुऱ्याच्या जागी बसवणे सोपे, तबल्याच्या जागी अवघड.

गोंगाटाचा ठपकाही लॅपटॉपवरच येतो. गोंगाट होतो तो ॲम्प्लिफायर आणि पेट्यांमुळे. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवर वरात निघत नाही. तरीही गावाला होणारा त्रास खरा आहे, आणि वादकपण सिद्ध झाले म्हणून त्यात सूट मागता येणार नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावरची बंदी ध्वनिवर्धकापुरती राहिली नाही; तीत वाद्येही आली, त्यामुळे त्या वेळेत ढोल आणि डीजे कायद्याच्या लेखी सारखेच आहेत.