हणमंते, रघुनाथ नारायण
(सतरावे शतक). भोसल्यांच्या कर्नाटक-तंजावर शाखेचे कारभारी, शिवछत्रपतींचे दक्षिणेतील मुत्सद्दी आणि राजव्यवहारकोशाचे कर्ते. वडील नारो त्रिमळ हे शिवछत्रपतींचे वडील शहाजीराजे यांचे बंगळूरचे कारभारी होते. शहाजीराजांनंतर रघुनाथपंत शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्याकडे राहिले. पण दोघांचे बिनसले, तेव्हा पंत तंजावर सोडून निघाले. वाटेत गोवळकोंड्याला कुतुबशहाचा कारभारी मादण्णा याच्याशी बोलणे करून ते शिवाजी महाराजांकडे आले. महाराजांच्या दक्षिण दिग्विजयाची पूर्वतयारी या भेटींतून झाली. १६७७ मध्ये कुतुबशहाने मोहिमेला पैसा व तोफखाना दिला, त्यात पंतांचा वाटा मोठा होता.

जुलै १६७७ मध्ये कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावर तिरुमलवाडीला महाराज व व्यंकोजीराजे हे दोघे भाऊ भेटले. वडिलार्जित वाट्याची मागणी होताच व्यंकोजीराजे रात्रीतून नदी उतरून तंजावरला निघून गेले. नोव्हेंबरात दोघांच्या फौजांत लढाई झाली. त्यानंतर तह जुळवला तो पंतांनी. व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांनी समेटाचा आग्रह धरला आणि बंगळूर त्यांना चोळीबांगडीसाठी मिळाले, असे बखरी सांगतात. नदीच्या दक्षिणेचा मुलूख, म्हणजे कुंभकोणम, तिरुवलंचुळी ही कावेरीकाठची गावे, व्यंकोजीराजांकडेच राहिला. तंजावरचे मराठी राज्य पुढे पावणेदोनशे वर्षे टिकले, त्याच्या पायाशी हा समेट आहे. मोहिमेत मिळालेल्या जिंजीकडील मुलखाचा कारभारही पंतांनीच पाहिला. वेल्लोरचा किल्ला १६७८ मध्ये हाती आला.

राजव्यवहारकोश महाराजांच्या आज्ञेने रचला गेला. राज्याभिषेकाच्या वेळी मुजुमदाराला अमात्य, डबीराला सुमंत, सुरनिसाला सचिव ही संस्कृत नावे मिळाली. फारसीऐवजी संस्कृत शब्द वापरण्याचा तोच विचार या पद्यमय कोशात दरबारापासून बाजारापर्यंत नेला आहे. सुमारे १,४०० फारसी, अरबी व देशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले असून दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे त्याचे दहा वर्ग आहेत. रचनेत धुंडिराज व्यास या पंडितांचा हात असल्याचे अभ्यासक मानतात.

नामसादृश्यामुळे पंतांवर अन्याय झाला. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंहांकडे गेलेले रघुनाथ पंडित वेगळे, दमयंतीस्वयंवराचे कवी रघुनाथपंडितही वेगळे. या गोंधळात हणमंत्यांचे कर्तृत्व झाकले गेले. त्यांचा कोश शिवचरित्रप्रदीपात (१९२५) छापलेला आहे. शिवकालीन कागद वाचणाऱ्याने तो हाताशी ठेवावा.