शंभरातले किती परत?

गोव्याच्या ट्रिपचा बेत ठरत असला की ग्रुपमधला एखादा जाणकार सांगतोच, की अमुक ठिकाणची स्लॉट मशिनं 'देतात', तमुक ठिकाणची नुसती खातात. ऑनसाइट असताना वेगास करून आलेले तर यावर तासभर बोलू शकतात. पण गंमत म्हणजे हा प्रश्न निव्वळ अंधश्रद्धेचा नाही. मशिनांनी शंभरातले किती ठेवून घेतले याचे आकडे अमेरिकेतली काही राज्यं दर महिन्याला जाहीर करतात, आणि ते प्रदेशागणिक खरंच वेगळे असतात. का वेगळे असतात? त्याचं उत्तर नशिबात नाही, इतिहासात आहे.

आधी यंत्राकडे बघू. १८९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये चार्ल्स फे नावाच्या बव्हेरियाहून आलेल्या मेकॅनिकने 'लिबर्टी बेल' बनवलं. तीन चाकं, प्रत्येकावर १० जागा. म्हणजे एकूण शक्यता १०००. कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर कुणालाही हिशोब जमला असता. जे डोळ्यांना दिसत होतं, तेच यंत्राच्या पोटात होतं.

हे नातं १९८४ मध्ये तुटलं. इंगे टेलनेस यांना त्या वर्षी एक पेटंट मिळालं. कल्पना साधी होती : चाक कुठे थांबायचं हे रँडम नंबर जनरेटरने ठरवायचं. समजा काचेमागच्या चाकावर २२ जागा दिसतायत, पण चिपमधल्या 'आभासी' चाकावर ६४ आहेत. तिन्ही चाकांवर जॅकपॉटची एकेकच जागा धरली, तर दिसणाऱ्या हिशोबाने शक्यता १०,६४८ त एक, आणि खरी २,६२,१४४ त एक! आपल्या भाषेत सांगायचं तर चाकं म्हणजे फक्त यूआय. निकाल बॅकएंडला आधीच लागलेला असतो, चाकं तो दाखवायला फिरतात.

आता बघून मोजता येईनासं झालं. उरला तो कायद्यातला आकडा. आणि हा आकडा त्या त्या ठिकाणच्या राजकारणातून आलेला असतो.

नेवाडाने १९३१ मध्ये, ऐन मंदीत, जुगार कायदेशीर केला. वाळवंटातल्या गरीब राज्याला गिऱ्हाईक हवं होतं, त्यामुळे नियमांचा हात सैल. तिथे मशिनाने किमान ७५ टक्के परत दिले की झालं. न्यू जर्सीत मात्र १९७४ चं सार्वमत हरल्यावर १९७६ मध्ये दुसऱ्यांदा मत घ्यावं लागलं, तेही फक्त अटलांटिक सिटीपुरतं. पहिला कॅसिनो १९७८ मध्ये उघडला. लोकांच्या मनात धाकधूक होती, म्हणून नियम कडक, किमान परतावा ८३ टक्के. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने १९५६ मध्ये मशिनांना थेट क्लबांमध्ये परवानगी दिली. तिथे किमान ८५.

यावरून वाटेल की खेळणाऱ्याला नेवाडा सगळ्यात महाग पडत असणार. प्रत्यक्षात उलटं आहे! नेवाडाची मशिनं सरासरी साधारण ७ टक्के ठेवून घेतात, अटलांटिक सिटीची ९ च्या आसपास. कायदा फक्त तळ ठरवतो, खरा भाव ठरतो स्पर्धेने. नेवाडाच्या आतसुद्धा हेच दिसतं. वेगासच्या स्ट्रिपवर वर्षा-दोन वर्षांतून एकदा येणारा पर्यटक असतो, तिथे सुमारे ८ टक्के कापले जातात. रिनोमध्ये ५-६. रिनोला पर्यटकांसाठी वेगासशी झगडावं लागतं. बोल्डर हायवेवरच्या कॅसिनोंतही स्ट्रिपपेक्षा कमीच कापतात, कारण तिथे दर आठवड्याला येणारं आसपासचं गिऱ्हाईक असतं. रोजच्या वाण्याने आणि स्टेशनबाहेरच्या दुकानदाराने लावलेल्या भावात जो फरक, तोच हा.

दुसरा घटक सरकारचा वाटा. नेवाडाचा कर कॅसिनोच्या मिळकतीवर फार तर ६.७५ टक्के. पेनसिल्वेनियाने २००४ मध्ये स्लॉटला परवानगी दिली तेव्हा सगळं मिळून निम्म्याहून जास्त वाटा सरकारी तिजोरीत जाईल अशी रचना केली. खेळणाऱ्याचं रक्षण करणारा आणि त्याच्या हरण्यातला मोठा भागीदार, दोघं एकच! मला तरी हे कुठल्याही टक्क्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतं.

आता खरी मेख. ९० टक्के परतावा म्हणजे १०० डॉलर घेऊन गेलात तर ९० घेऊन याल, असं नाही. हा टक्का प्रत्येक डावाला लागतो. जिंकलेले पैसे आपण पुन्हा मशिनात घालतोच ना? शंभर डॉलर असे दहा वेळा फिरले तर सरासरी ३५ उरतात. ९५ टक्क्यांच्या मशिनावर ६०. ८३ वर साडेपंधरा. कायद्यातल्या किमान ७५ वर साडेपाच.

त्यात वेगाची भर घाला. तासाला ६०० डाव धरू. पाव डॉलरचा डाव आणि ९५ टक्के परतावा असेल तर तासाचा सरासरी तोटा साडेसात डॉलर. शेजारी 'एक सेंटवालं' मशीन आहे. दिसायला स्वस्त, पण ५० ओळींवर एकेक सेंट लावला की डाव अर्ध्या डॉलरचा झाला. परतावा ८८ टक्के धरला तर तासाला ३६ डॉलर गेले. नेवाडाच्या आकड्यांतही एक सेंटची मशिनं डॉलरवाल्यांपेक्षा जास्त टक्के कापतात. म्हणजे लहान नाणं घेऊन आलेल्याला जास्त दराने चाट.

आपल्याकडचा इतिहासही मजेदार आहे. गोव्याने १९९२ मध्ये कायदा बदलून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनांना वाट करून दिली. महाराष्ट्राने त्याआधीच, १९७६ मध्ये, कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द झाला.

तेव्हा 'कुठलं मशीन देतं' याचं माझ्यापुरतं उत्तर असं : देत कुठलंच नाही. कोण किती हळू घेतं, एवढाच फरक. परताव्याचा टक्का म्हणजे करमणुकीच्या तिकिटाचा दर समजायचा. सिनेमाला जाताना आपण तिकिटाचे पैसे परत येतील अशी आशा धरत नाही, तसंच. फक्त इथे तिकीट किती फाडलं हे खिडकीवर कळत नाही, बाहेर पडल्यावर कळतं.