जुने बी आणि बीजसंस्कार

मृगाच्या तोंडावर खासबागेत भरणाऱ्या रविवारच्या आठवडी बाजारात भाजीच्या बियाण्याला विशेष गिऱ्हाईक असते. ‘खासबाग’ म्हणजे धन्याने स्वतःसाठी राखलेली बाग. शहापूर-वडगावला लागून असलेली ही बेळगावची वस्ती आता बागांपेक्षा विणकरांच्या मागांसाठी अधिक ओळखली जाते. तथापि ज्यांच्या घरामागे चार हात मोकळी जागा उरली आहे, तेथे अजूनही दोडक्याचा वेल मांडवावर चढतो आणि वालाच्या शेंगा कुंपणावर लोंबतात. अशा घरी पावसाळा जवळ आला म्हणजे एक प्रश्न हटकून निघतो : डब्यात दोन-तीन वर्षे पडून राहिलेले घरचे बी भिजवून पेरले, तर उगवेल काय?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. बाजारातील बी संपले तर पुन्हा आणता येते. आजीने माहेरून आणलेल्या काकडीचे बी संपले, तर ते पुन्हा कोठून आणावयाचे? म्हणून या प्रश्नाचे उत्तर आपल्या परंपरेने कसे दिले आणि आजचे शास्त्र त्याविषयी काय म्हणते, हे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

पेरणीपूर्वी बियांवर संस्कार करण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथे आर. शामशास्त्री यांच्या हाती आली व १९०९ मध्ये त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. त्या ग्रंथात राजाच्या शेतीवर देखरेख करणाऱ्या सीताध्यक्षाचा एक अध्याय आहे. धान्याचे बी सात दिवस रात्री दवात व दिवसा उन्हात ठेवावे, शेंगांच्या धान्यांसाठी हाच अवधी तीन किंवा पाच दिवसांचा असावा, असे तेथे सांगितले आहे. उसाच्या कांड्यांचे कापलेले टोक मध, तूप, डुकराची चरबी व शेण यांनी माखावे, कंदांना मध व तूप लावावे आणि कठीण कवचाच्या बियांना शेणाचा लेप द्यावा, हेही तेथेच आहे. दवाने किंचित ओलावणे आणि उन्हाने वाळवणे, ही जोडी वाचकांनी ध्यानात ठेवावी.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘वृक्षायुर्वेद’ नावाचा अध्याय आहे. त्यात बी दहा दिवस दुधात ठेवावे, तुपाच्या हाताने रोज हाताळावे, शेणात अनेक वेळा घोळावे, मग धुरी द्यावी, असा लांबलचक विधी आहे. त्याहून आम्हांस विशेष वाटला तो कवठाच्या बियांचा विधी. काही वनस्पतींची मुळे दुधात उकळावीत, दूध पूर्ण निवू द्यावे, त्यात बी शंभर टाळ्या वाजवण्याइतकाच वेळ ठेवावे आणि मग उन्हात वाळवावे. असे रोज, महिनाभर करावे व नंतर पेरावे. येथेही थोडे भिजवणे आणि लगेच वाळवणे हीच जोडी पुन्हा भेटते.

हे ज्ञान केवळ संस्कृतापुरते राहिले नाही. ज्या चालुक्यांच्या राज्यात आपला हा मुलूख मोडत होता, त्यांच्याच काळी, १०२५ च्या सुमारास, चावुंडरायाने कन्नड भाषेत ‘लोकोपकार’ हा ग्रंथ रचला. ज्योतिष, पाकशास्त्र, वैद्यक यांच्या जोडीने त्यात वृक्षायुर्वेदालाही जागा आहे. ग्रंथाचे नावच सांगते की, ही विद्या सामान्य गृहस्थाच्या उपयोगासाठी होती. दूर ग्रीस देशातही थिओफ्रास्टसने इसवी सनापूर्वीच, काकडीचे बी दुधात किंवा पाण्यात भिजवल्यास लवकर उगवते, असे नमूद करून ठेवले होते.

ग्रंथ ज्यांनी पाहिलेही नाहीत, त्या आपल्या आयाबायांनी हीच विद्या हातांनी जतन केली. काकडीच्या, भोपळ्याच्या बिया शेणात थापून भिंतीला लावणे, दोडका वेलावरच वाळवून आढ्याला टांगणे, बी राखेत घोळून मडक्यात ठेवणे, कणसे चुलीच्या धुरावर बांधणे, या गोष्टी बेळगावपासून कोकण-गोमंतकापर्यंत घरोघर चालत असत. कोकणात भाताचे बी भिजवून, मोड आणून चिखलावर फोकण्याच्या रीतीस ‘रहू’ असे स्वतंत्र नावच आहे.

देवकार्यातही हा संस्कार आहे. देवालयातील प्रतिष्ठेच्या व उत्सवाच्या आरंभी आगमांत अंकुरार्पण सांगितले आहे. दुधाने धुतलेले बी मातीने भरलेल्या पालिकांत पेरतात आणि अंकुर कसे येतात, सरळ की वाकडे, हिरवे की निस्तेज, यावरून शुभाशुभ पाहतात. नवरात्रात घटाभोवती आपण जे धान्य रुजवतो, त्याचे अंकुर जोमदार आले की घरच्या वडीलधाऱ्यांना समाधान वाटते. यातील श्रद्धेला धक्का न लावता आम्ही एवढेच म्हणू की, घट हा शेतकऱ्याच्या घरी बियाण्याची परीक्षाही होता. देवापुढे न रुजलेले धान्य पुढे शेतात कसे रुजणार?

आता आजचे शास्त्र पाहू. बी हे निर्जीव नव्हे, निजलेले असते. आणि निजेतच ते म्हातारे होते. त्याच्या पेशींची आवरणे झिजतात व आतील द्रव्यांची मोडतोड होते. उष्णता आणि ओलावा हे त्याचे दोन मोठे वैरी. बियांतील ओलावा एक टक्क्याने उतरवला की त्यांचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा हॅरिंग्टन या शास्त्रज्ञाचा ढोबळ नियम प्रसिद्ध आहे. बेळगावचा चार महिन्यांचा दमट पावसाळा पाहता, उघड्या डब्यातील बी येथे लवकर का मरते, हे निराळे सांगावयास नको. त्यातही कांद्याचे बी फार अल्पायुषी. ते एका वर्षानंतर भरवशाचे राहत नाही. काकडी-भोपळ्याचे बी मात्र नीट कोरडे ठेवल्यास कित्येक वर्षे टिकते.

पाणी मिळताच बी आधी ते भराभर शोषते. मग काही काळ बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. आणि शेवटी मूळ फुटते. मधल्या या शांत काळात बी आपली झीज भरून काढत असते. या काळात त्याला पुरेसा अवकाश दिला व मूळ फुटण्यापूर्वी थांबवले, तर अशक्त बीही एकसारखे व लवकर उगवते. इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे हायडेकर यांनी १९७३ मध्ये एका रासायनिक द्रावणाने बियांचे पाणी शोषणे आवरून हा परिणाम साधला. त्याच दशकात कलकत्त्यास आर. एन. बसू व त्यांचे सहकारी साठवणीतील बी थोडे भिजवून पुन्हा वाळवण्याचे प्रयोग करीत होते. अशा बियांची जीवनशक्ती अधिक काळ टिकते, असे त्यांना आढळले. वराहमिहिराला हे सर्व ठाऊक होते, असा दावा आम्ही करणार नाही. जुन्या बियांना तारण्यासाठी त्याने तो विधी सांगितलेला नाही. परंतु भिजवण्यास वाळवण्याची जोड हवी, ही गोष्ट हातांना आधी कळली आणि तिचे कारण मागाहून कळले, एवढे खचित.

मात्र भिजवणे म्हणजे संजीवनी नव्हे. जे बी मेले, त्याला दूध, गोमूत्र वा कोणतेही औषध उठवू शकत नाही. मसादा येथील खजुराची बी सुमारे दोन हजार वर्षांनी, २००५ मध्ये रुजली, ही गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. तिलाही पेरणीपूर्वी भिजवले होते. पण तिला राखले ते मृत समुद्राकाठच्या कोरड्या हवेने. पाण्याने तिला फक्त जागे केले.

म्हणून खासबागेतील त्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. आधी परीक्षा करावी : बी पुरेसे असल्यास त्यातील दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून आठ-दहा दिवस पाहावे. दहांतून पाच रुजले, तर दुप्पट दाट पेरावे. एकही न रुजल्यास आशा फार थोडी. भेंडी रात्रभर भिजवावी. कारले, पडवळ, दोडका यांचे कवच कडेला किंचित घासून मग रात्रभर भिजवावे. धणे रगडून त्यांची दोन दले वेगळी करावीत व तीही रात्रभर पाण्यात ठेवावीत. वाल, चवळी, घेवडा यांचे जुने बी मात्र एकदम पाण्यात बुडवू नये. झिजलेल्या आवरणांतून पाणी वेगाने शिरले की आतील सत्त्व बाहेर झिरपते व दल फुटते. ओल्या फडक्यात हळूहळू ओलावलेलेच बरे. कोणतेही बी दिवसेंदिवस पाण्यात ठेवू नये. श्वास कोंडून ते मरते. भिजलेले बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे, पुन्हा डब्यात भरून ठेवू नये. आणि बाजारचे रंगीत, औषध लावलेले बी कधीच भिजवू नये. ते औषध विषारी असते आणि पाण्यात ते धुऊनही जाते.

गोमंतकात चतुर्थीला गणपतीवर माटोळी बांधतात. तिला टांगावयाची तवशी, दुधी, दोडगी, चिबूड आज बहुधा बाजारातून येतात. पूर्वी ती परसातून येत. परसातील वेल गेला म्हणजे त्याचे बी डब्यात राहते, आणि डब्यातील बी पाच-सहा पावसाळ्यांत संपते. मध्ये एका पिढीचा आळस पुरे होतो. आमच्याच घरी एका पांढऱ्या काकडीचे बी असेच राहिले. परीक्षेसाठी त्यातील दहा दाणे काढण्याइतकेही ते नव्हते. सगळे मिळून अकरा दाणे. ओल्या फडक्यात ठेवले, तेव्हा दोन रुजले. त्यांतील एका वेलाचे बी आम्ही त्या वर्षी तीन घरी वाटले.

येत्या मृगापूर्वी वाचकांनी आपापले डबे एकदा उघडून पाहावेत, एवढीच आमची विनंती आहे.