उद्योगाची वाणी आणि ग्राहकाचा विश्वास : किर्लोस्करवाडी ते हडपसर

प्रस्तावना :

एखादी उद्योगसंस्था ग्राहकाला काय सांगते, याइतकेच ती ते कोणत्या सुरात सांगते, यावर तिच्या संदेशाचा परिणाम अवलंबून असतो. विपणनाच्या अध्यापनात हा विचार बहुधा पाश्चात्त्य उदाहरणांच्या आधारे मांडला जातो. वस्तुतः त्याचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातच उपलब्ध आहे. पुण्यातील हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत १९५८ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीने आपल्या नावात ‘किर्लोस्कर’ हा शब्द धारण केला, तेव्हा त्यामागे जवळजवळ अर्धशतकाची पुण्याई होती. ती कशी साठली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लोखंडी नांगर आणि शेतकऱ्याची शंका :

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी १९१० साली औंध संस्थानात, भवानराव पंतप्रतिनिधींच्या साहाय्याने, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळरानावर कारखाना उभारला. पुढे हेच ठिकाण किर्लोस्करवाडी म्हणून प्रसिद्धीस आले. लोखंडी नांगर हे त्यांचे प्रमुख उत्पादन होते. परंतु लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये रूढ होती. म्हणजे अडचण केवळ किमतीची नव्हती, तर श्रद्धेची होती. ज्या भूमीला शेतकरी माता मानतो, तिच्या बाबतीत व्यापाऱ्याची स्तुतिपर भाषा कामी येणे शक्य नव्हते. नांगराने शेतात प्रत्यक्ष दिलेला प्रत्यय हाच त्या शंकेवरील उपाय होता. जाहिरातीचा स्वर कितीही गोड असला, तरी अनुभवाची जागा तो घेऊ शकत नाही, हा यातील पहिला बोध होय.

‘खबर’ : जाहिरातीकडून संवादाकडे :

१९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू झाले. कारखान्याची व मालाची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचविणे हा त्याचा मूळ हेतू होता. तथापि त्याचे नावच लक्षणीय आहे. ‘खबर’ हा घरादारात, बाजारात सहज उच्चारला जाणारा शब्द. विक्रेता माल खपवितो, तर परिचित माणूस खबर सांगतो. या एका शब्दाने वाचकाशी असलेले नातेच बदलून गेले.

कालांतराने हे नियतकालिक ‘किर्लोस्कर’ या नावाने सर्वसामान्य वाचकांचे मासिक झाले. त्याच्या जोडीला १९३० साली ‘स्त्री’ व १९३४ साली ‘मनोहर’ ही मासिके निघाली. ‘किर्लोस्कर’मधून सामाजिक सुधारणेचा पुरस्कार होऊ लागला, सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेखनही त्यात प्रसिद्ध झाले. रूढींवर टीका करणाऱ्या मासिकाच्या मुखपृष्ठावर कारखान्याचेच नाव असणे ही व्यावसायिकदृष्ट्या जोखीम होती. परंतु ज्या उद्योगाची पहिली गाठ अंधसमजुतीशी पडली, त्याने विवेकाचा स्वर स्वीकारणे सुसंगतच म्हणावे लागेल.

हडपसर : बदललेला श्रोता :

हडपसरच्या कारखान्यातील काँप्रेसरचा ग्राहक शेतकरी नव्हे, तर अन्य कारखान्यांतील अभियंता होता. त्याला दाब, क्षमता, इंधन वा विजेचा खर्च यांची नेमकी भाषा हवी असते. अशा ठिकाणी घरगुती सूर अप्रस्तुत ठरतो. श्रोता बदलला की वाणी बदलते. मात्र आपण जे सांगतो त्याची जबाबदारी आपल्या नावावर घेण्याची वृत्ती बदलून चालत नाही.

निष्कर्ष :

स्वर विश्वास निर्माण करीत नाही. कृतीने मिळविलेला विश्वास तो टिकवितो व दूरवर नेतो, हे उपरोक्त विवेचनावरून दिसून येते. म्हणूनच जुन्या जाहिराती व उद्योगसंस्थांची नियतकालिके ही केवळ वाणिज्याची नव्हे, तर सामाजिक इतिहासाचीही साधने होत. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी ती जतन करणे आणि इतिहास, वाणिज्य व मराठी या विभागांनी त्यांचे एकत्रित अध्ययन करणे अगत्याचे आहे.