वई कुणाची?



गेल्या उन्हाळ्यात माहेरी गेले, तर दादा आणि शेजारच्या रानाचे काका एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय, तर दोन रानांमधली घायपाताची वई. ट्रॅक्टर वळवायला अडचण होते म्हणून काकांनी तिच्यातली पाच-सहा घायपातं उपटली. दादा म्हणे, वई आमच्या आजोबांनी लावली, म्हणजे ती आमची. काका म्हणाले, लावली असेल, पण कुणाच्या जागेत? त्या दोघांचं एक वेळ राहू दे, पण वहिनी आणि काकी तीस वर्षं एकाच अंगणात पापड लाटत आल्या होत्या. त्यांचंही येणं-जाणं थांबलं. मला तेच जास्त लागलं.

घरी परतल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचत बसले. हा वाद फार जुना निघाला. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमेचा निवाडा ज्येष्ठ महिन्यात करावा असं सांगितलंय, कारण तेव्हा खुणा उघड्या दिसतात. शिवेवर वड, पिंपळ, पळस लावावेत. शिवाय माणसं हद्दीवरून चुकतात, म्हणून जमिनीखाली कोळसा, राख, खापऱ्या, हाडं, तूस असं काहीबाही पुरून ठेवावं. झाड कुणीही तोडेल, पुरलेली खापरी कोण शोधणार! साक्षीदारांनी डोक्यावर माती घेऊन, तांबडी वस्त्रं नेसून साक्ष द्यायची. त्या काळीसुद्धा कुंपणाला फारसं महत्त्व दिलेलं दिसत नाही. भर खुणांवर आणि माणसांच्या आठवणीवर.

आपल्याकडे मराठेशाहीत असे वाद पाटील-कुलकर्णी आणि गोतसभेपुढे जात. शिवेच्या बाबतीत महाराची साक्ष मोठी मानली जाई, कारण गावाच्या आणि शेतांच्या हद्दी लक्षात ठेवणं हे त्याच्या वतनाचं कामच होतं. ज्याला गावाच्या आत राहायला जागा नव्हती, त्याच्या शब्दावर गावाची शीव ठरायची. हे वाचल्यावर मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं. आपल्या वाड्यांच्या, रानांच्या हद्दी अशाच कुणीतरी सांगितलेल्या असणार, आणि त्याचं नाव आपल्या घरात कुणालाही ठाऊक नाही.

मग इंग्रज आले. प्रिंगल साहेबाची पहिली मोजणी फसली. त्यानंतर १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीचं काम सुरू केलं. आमच्या संस्थानी मुलखात ते नंतर आलं. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर. मी कॉमर्सची, त्यामुळे हा हिशेब मला फार आवडला. प्रत्येक शेताचं टिपण निघालं, कोपऱ्यांवर दगड बसले. जे माणसाच्या डोक्यात होतं ते सरकारी दप्तरात गेलं.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर त्याच दप्तरात होतं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत हद्दीच्या खुणेची व्याख्या आहे. तिच्यात मातीचा किंवा दगडाचा उंचवटा, न नांगरलेली पट्टी, अगदी झाडाझुडपांचं कुंपणसुद्धा येतं. पण ते मोजणी अधिकाऱ्याने हद्द दाखवण्यासाठी लावलेलं किंवा ठरवून दिलेलं असलं तरच. आजोबांनी आपल्या मनाने लावलेली वई म्हणजे नुसती झाडं. मध्ये १९४७ च्या कायद्याने तुकड्यांचं एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबरांचे गट झाले. त्या वेळी कागदावर सरकलेल्या हद्दी आणि रानातल्या जुन्या वया यांचा मेळ कितीतरी गावांत अजून बसलेला नाही.

मी दादाला म्हटलं, भांडू नका, मोजणी आणा. फी मी भरते.

मोजणी झाली. मोजणीदाराने खुणा दाखवल्या, त्या वईच्या अलीकडे, आमच्या बाजूला! एका टोकाला उकरल्यावर जुना दगडही सापडला. वई जवळजवळ दोन फूट काकांच्या रानात होती. बांधाची लांबी साडेतीनशे फूट, म्हणजे सातशे चौरस फूट. अर्ध्या गुंठ्याहून जास्त. इतकी वर्षं त्यातलं उसाचं पीक आम्ही खाल्लं.

आजोबांनी हे जाणून केलं असेल का? मला नाही वाटत. पण खात्रीने सांगताही येत नाही. आपल्या परिग्रह-परिमाण व्रताच्या अतिचारांत क्षेत्र-वास्तूचा अतिचार येतो. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात तो कसा घडतो त्याचं विवेचन आहे. एकच शेत ठेवीन असं व्रत घेतलेला श्रावक शेजारचं शेत घेतो आणि मधलं कुंपण काढून टाकतो, म्हणजे मोजायला शेत एकच. कुंपण काढून जे होतं ते कुंपण दोन फूट पुढे लावूनही होतं, नाही का? आजोबा रोज मंदिरात जायचे, कंदमूळ त्यांनी कधी तोंडात घातलं नाही. म्हणूनच हे लिहिताना हात अडखळतो.

दादा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी काकांकडे जाऊन म्हणाला, "पट्टी तुमची. घायपातं आमची आहेत, ती काढून नेतो." काका म्हणाले, "राहू दे की. डुकरं येतात रानात, ती तुझ्या उसातही जातील."

वई आहे तिथेच आहे. दगडाला चुना लावलाय. यंदा काकींनी उडदाचं पीठ मळायला वहिनींना निरोप धाडला, आणि वहिनी गेल्या.