नेसण्यापासून घालण्यापर्यंत : किल्ट आणि नऊवारी

मराठीत वस्त्रांच्या क्रियापदांची वाटणी मोठी काटेकोर आहे. सदरा घालावा, शाल पांघरावी, फेटा बांधावा आणि लुगडे नेसावे. शिवलेले ते घालायचे आणि न शिवलेले कमरेभोवती गुंडाळायचे ते नेसायचे, असा त्यामागील ढोबळ नियम. गेल्या काही वर्षांत मात्र ठाणे, कल्याण, डोंबिवलीत 'नऊवारी घातली' असे सर्रास ऐकू येते. हे व्याकरण चुकीचे म्हणता येत नाही. कारण ही नऊवारी खरोखरच शिवलेली असते. निऱ्या पक्क्या केलेल्या, काष्टा जागच्या जागी बसवलेला, कमरेला नाडी किंवा हूक. एका क्रियापदाची ही अदलाबदल कशाची खूण आहे, हे समजून घ्यायला स्कॉटलंडच्या किल्टचा इतिहास उपयोगी पडतो.

किल्टही मुळात नेसण्याचेच वस्त्र होते. डोंगराळ उत्तर स्कॉटलंडमधील पुरुष लोकरीच्या एका लांब कापडाच्या हाताने निऱ्या करून ते कमरपट्ट्याने आवळीत आणि उरलेला भाग खांद्यावर घेत. रात्री तेच पांघरूण होई. पुढे त्याचा खालचा अर्धा भाग वेगळा झाला. ही सुटसुटीत तऱ्हा 1720 ते 1730 च्या सुमारास लँकेशायरच्या रॉलिन्सन नावाच्या इंग्रज कारखानदाराने आपल्या मजुरांसाठी काढली, अशी हकिकत एका जुन्या पत्रात आहे. अभ्यासकांत तिच्याविषयी मतभेद आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस निऱ्या शिवलेला किल्ट आला आणि नेसण्याचे वस्त्र घालण्याचे झाले.

दरम्यान या वेषाला राजकीय अर्थ आला होता. 1745 च्या उठावानंतर ब्रिटिश सत्तेने 1746 च्या कायद्याने पुरुषांना हा वेष निषिद्ध केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षे हद्दपारी. सूट होती ती सरकारी पलटणींतील शिपायांना. 1782 मध्ये बंदी उठली आणि पुढे चाळीस वर्षांत चित्र उलटले. 1822 मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा वॉल्टर स्कॉटने आखलेल्या समारंभात खुद्द राजाच किल्ट घालून मिरवला. बॅनकबर्नच्या विल्सन कंपनीच्या मागांवरील चौकड्यांच्या नमुन्यांना घराण्यांची नावे चिकटली. 1842 मध्ये दोघा तोतया राजवंशजांनी घराणेवार टार्टनचा एक 'प्राचीन' ग्रंथही छापला. ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी 1983 मध्ये हा सारा प्रकार परंपरेच्या निर्मितीचे ठळक उदाहरण म्हणून मांडला. पुढे टार्टनची लाट अनेकदा आली आणि ओसरली. 1970 नंतरच्या दशकात तर लंडनच्या पंक तरुणांनी राजनिष्ठेचे तेच कापड बंडखोरीसाठी वापरले.

आपल्याकडे नऊवारीवर कोणी बंदी घातली नाही. शिक्षण-नोकरीसाठी बाहेर पडलेल्या मध्यमवर्गीय स्त्रियांनी विसाव्या शतकात ती आपणहून सोडली आणि गोल साडी स्वीकारली. ती परतली सणाच्या वाटेने. डोंबिवलीच्या श्रीगणेश मंदिर संस्थानाने 1999 मध्ये गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली. ठाणे, गिरगाव अशी ती प्रथा पसरली. नऊवारी, नथ, फेटा आणि मोटारसायकल हे तिचे ठरलेले चित्र झाले. 2015 च्या 'बाजीराव मस्तानी'ने त्यात भर घातली. दुकानांतून 'ब्राह्मणी', 'पेशवाई', 'मस्तानी', 'राजलक्ष्मी' असे प्रकार मिळू लागले. भाड्यानेही मिळू लागले. बॅनकबर्नच्या व्यापाऱ्यांना ही नावे ऐकून नवल वाटले नसते.

एवढ्यावरून हे सारे खोटे आहे असा निकाल देणे सोपे आहे. पण तो उथळ ठरेल. प्रत्येक परंपरा कधीतरी नवी असते. फडके रोडवर नऊवारीत मिरवणाऱ्या मुलीचा आनंद खराच असतो आणि शिवलेल्या काष्ट्यामुळेच तिला लोकलने ठाण्याला जाऊन येता येते. प्रश्न निराळा आहे : परंपरा म्हणून नेमके कोणाचे वस्त्र निवडले जाते?

मेकॉलेने आपल्या इंग्लंडच्या इतिहासात 1822 च्या त्या प्रसंगातील उपरोध टिपला आहे. राजाने आदराने धारण केलेला वेष पूर्वी बहुसंख्य स्कॉटिश माणसांना चोराचा वेष वाटत असे. शिवाय एडिंबरोत किल्ट मिरवत होता त्याच काळात उत्तरेतील जमीनदार मेंढ्यांसाठी कुळांना जमिनीवरून हुसकून लावीत होते. वेषाला मान मिळाला. तो वेष ज्यांचा होता त्यांना मिळाला नाही.

मध्यमवर्गाने नऊवारी सोडली तेव्हा ती संपली नव्हती. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातील कोळणी, कल्याण-डोंबिवलीच्या गावांतील आगरी स्त्रिया गुडघ्यापर्यंत आवळून लुगडे नेसतच होत्या. चिखलात, बाजारात, शेतात ते कामाचे वस्त्र होते आणि शहरी नजरेला ते मागासलेपणाची खूण वाटे. अशी लुगडी नेसणाऱ्या म्हाताऱ्या आजही दिसतात. स्वागतयात्रेच्या नऊवारीला मात्र आदर्श लाभले ते पेशवाईचे, दरबाराचे. 'कोळी' प्रकारही दुकानात असतो. तो बहुधा स्नेहसंमेलनातील नाचासाठी.

म्हणून 'नेसणे' या क्रियापदाची हानी केवळ भाषिक नाही. नेसण्यात एक ज्ञान होते. कामाप्रमाणे काष्टा किती ओढावा, ओचा किती सैल ठेवावा, हे आईकडून मुलीकडे जाई आणि प्रत्येक जातीची, गावाची तऱ्हा त्यातून ओळखू येई. शिवणयंत्राने या तऱ्हांतून तीन-चार ठरावीक नमुने काढले. नऊवारीची ही लाटही कदाचित ओसरेल. टार्टनच्या लाटाही ओसरल्या. परंतु तोवर ज्यांच्या हातांत नेसण्याचे ज्ञान आहे त्या स्त्रियाही उरणार नाहीत. त्यांच्या तऱ्हा आणि त्या तऱ्हांचे शब्द आजच नोंदवून ठेवणे, हे भाषेच्या अभ्यासकांचेच काम आहे.