शाहीर, कागद आणि एक जळालेलं जहाज

आठवीत इतिहासाच्या सरांनी अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा शिकवला आणि शेवटी विचारलं, "हा इतिहास म्हणायचा की गाणं?" वर्गात लगेच दोन तट पडले. सर हसून म्हणाले, "शाहिरालाही विचारा आणि कागदालाही विचारा. दोघांचं ऐकल्याशिवाय निकाल देऊ नका." त्या वेळी तो परीक्षेपुरता मुद्दा वाटला. त्याचा खरा अर्थ मला पुढे बोटीवर इंजिनिअर झाल्यावर कळला.

एका सहकाऱ्याच्या कॅसेटवर गॉर्डन लाइटफूट या कॅनेडियन लोकगायकाचं एक गाणं ऐकलं. ते १९६९ साली त्याच्या 'संडे कॉन्सर्ट' या ध्वनिमुद्रिकेत आलं होतं. 'यार्मथ कॅसल' या प्रवासी जहाजाच्या शेवटच्या रात्रीचा तो जणू पोवाडाच. ऐकताना अंगावर काटा आला. मग सरांची आठवण झाली आणि मी कागद शोधू लागलो.

हे जहाज १९२७ साली बांधलेलं. आतल्या बांधणीत लाकूड भरपूर आणि त्यावर वर्षानुवर्षं चढलेले रंगाचे थर. १२ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी ते मायामीहून बहामातील नासाऊकडे निघालं. जहाजावर ३७६ प्रवासी आणि १७६ कर्मचारी होते. मध्यरात्रीनंतर ६१० क्रमांकाच्या खोलीत आग लागली. या खोलीत गाद्या रचून ठेवल्या होत्या आणि तिथे पाण्याचे फवारे नव्हते. जिन्यांतून आग भराभर वर चढली. धोक्याची घंटा वाजली नाही. बिनतारी संदेशाची खोलीच पेटल्यामुळे मदतीची हाकही गेली नाही. होड्यांचे दोर रंगाने चिकटून बसले होते. १३ पैकी निम्म्या होड्यासुद्धा पाण्यात उतरल्या नाहीत.

पुढे गेलेल्या 'फिनपल्प' या फिनलंडच्या मालवाहू जहाजाला मागे उजेड दिसला. कप्तान जॉन लेहतो यांनी जहाज वळवलं आणि तटरक्षक दलाला कळवलं. मागून येणारं 'बहामा स्टार' हे प्रवासी जहाजही धावून आलं. 'फिनपल्प'पाशी पोचलेल्या पहिल्या होडीत जळत्या जहाजाचा कप्तान स्वतः होता, सोबत बहुतेक कर्मचारीच. लेहतोंनी ती होडी परत पाठवली. सकाळी सहाच्या सुमारास जहाज बुडालं. एकूण ९० जण दगावले, त्यांत कर्मचारी फक्त दोन: जहाजाचे डॉक्टर आणि एक परिचारिका-सेविका. या दोन आकड्यांपाशी मी बराच वेळ थांबलो होतो. प्रवाशांना उठवणं आणि होडीत बसवणं ज्यांचं काम होतं, त्यांतले जवळजवळ सगळे वाचले होते.

या दुर्घटनेनंतर समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या 'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारात १९६६ साली आगीसंबंधीचे नियम कडक झाले. आम्हाला ज्या कवायतींचा कंटाळा यायचा, त्यांच्यामागे अशा रात्री उभ्या होत्या.

गाणाराही कागदाचं ऐकतो, हे पुढे समजलं. १९७५ साली बुडालेल्या 'एडमंड फिट्झगेराल्ड' या मालवाहू जहाजावरही लाइटफूटचं प्रसिद्ध गाणं आहे. त्यातल्या एका ओळीमुळे खलाशांवर हलगर्जीचा ठपका येत होता. नव्या संशोधनाने शंका उपस्थित झाल्यावर त्याने कार्यक्रमांत ती ओळ बदलून म्हटली. मृतांच्या घरच्यांसाठी ही किती मोठी गोष्ट असेल!

नवी पोरं आगीच्या कवायतीला कुरकुरू लागली, की मी आधी त्यांना 'यार्मथ कॅसल'चं गाणं ऐकवायचो, मग चौकशीतले मुद्दे सांगायचो. गाणं संपलं की ती गप्प बसायची. मुद्दे ऐकले की उठून होड्यांचे दोर तपासायला जायची.

सर, आमच्या वर्गाने निकाल द्यायचा राहिला होता. उशीर झाला खरा, पण माझं मत दोघांनाही.